चौकशी खिडकी

तिच्या नवऱ्याने तिचं नाव 'चौकशी खिडकी' ठेवलं होतं आणि ते सासरी-माहेरी सगळीकडे रूढ झालं होतं. बाहेर जाताना ती कुलूप ओढून पाहायची, जिना उतरायची, परत चढून यायची आणि पुन्हा एकदा ओढून पाहायची. दूधवाला जरा हसून बोलला, की आज दुधात नक्की काहीतरी आहे असा तिचा चेहरा व्हायचा. नवरा म्हणायचा, "लग्नाआधी हिने माझी इतकी चौकशी केली, की मलाच माझ्याविषयी शंका यायला लागली."

हा स्वभाव तिच्या कामाला मात्र मानवला. ती कॉम्प्युटरचे प्रोग्राम लिहायची. घराच्या मागच्या खोलीत दोन टेबलं, एक कुरकुरणारा पंखा आणि कोपऱ्यात इस्त्रीचं टेबल, एवढीच तिची कंपनी. दुसऱ्या टेबलावर तिची नणंद बसायची. तिला सगळे धाकटी म्हणत, आणि ती हिला वहिनी म्हणायची. ती दोन गल्ल्या पलीकडे भाड्याच्या खोलीत एकटी राहायची आणि कंपनीची गिऱ्हाइकं सांभाळायची. गिऱ्हाइकांशी बोलायला लागली की थांबायची नाही. पण कोणी आळ घेतला, की तिच्या तोंडाला कुलूप लागायचं. लहानपणी लोणच्याची बरणी फुटली तेव्हा आईने तिलाच धारेवर धरलं होतं. ती दोन दिवस कोणाशी बोलली नाही. बरणी मांजराने फोडली होती.

हल्ली लोक नव्या दुकानाला काय नाव द्यावं, हेसुद्धा एआय सहायकाला विचारतात. तो भराभर नावं सुचवतो. पण त्या नावाचा वेबसाइटचा पत्ता, म्हणजे डोमेन, कोणी आधीच घेऊन ठेवलाय का, हे त्याला ठाऊक नसतं; आणि ठाऊक नसूनही तो छातीठोकपणे सांगतो. हे वहिनीला मुळीच खपण्यासारखं नव्हतं. तिने एक साधन बनवायला घेतलं. सहायकाने त्याच्याकडे नाव सरकवायचं, साधनाने पत्त्यांच्या नोंदणी दफ्तराला विचारायचं आणि 'मोकळं आहे' किंवा 'घेतलेलं आहे' असं उत्तर आणून द्यायचं.

"वहिनी, तू स्वतःलाच यंत्रात बसवलंस की," धाकटी म्हणाली. साधनाचं नावही मग तेच ठेवलं.

पहिलं गिऱ्हाईक होता एक सुतार. त्याने धाकटीच्या टेबलाशी बसून सहायकाला विचारलं, आपल्या कारखान्याला 'रंधा' हे नाव मिळेल का? सहायकाने चौकशी खिडकीला विचारलं. उत्तर आलं, 'मोकळं आहे.' सुतार इतका खूश झाला, की पत्ता विकत घ्यायच्या आधी घरी जाऊन त्याने सागवानी फळीवर बोर्डच कोरला. आणि मग घ्यायला गेला, तर पत्ता उपलब्ध नाही!

तो तडक मागच्या खोलीत आला. "ताई, हे नाव मी बायकोलासुद्धा सांगितलं नव्हतं. त्या दिवशी इथे आपण तिघंच होतो. मी काही माझंच नाव चोरलं नाही."

"चौथा होता की. तो सहायक," धाकटी हसून म्हणाली.

कोणीच हसलं नाही.

त्या दिवसापासून वहिनीच्या डोक्यात किडा वळवळायला लागला. फोन आला की धाकटी गॅलरीत जाते आणि दार ओढून घेते. परत आली की फोन पालथा ठेवते. मध्यंतरी एकदा म्हणाली होती, "चांगली चांगली नावं आपणच आधी घेऊन ठेवली तर?" तेव्हा दोघी हसल्या होत्या. आता वहिनीला ते बोलणं चेष्टेचं वाटेना. तिने आपली खुर्ची वळवून घेतली. तिथून खिडकीच्या काचेत धाकटीचा स्क्रीन दिसायचा. पण काचेत अक्षरं उलटी, वाचता काही येत नव्हतं. मग ती चहाच्या निमित्ताने तिच्या मागे जाऊन उभी राहायची.

"वहिनी, हा चहा आहे की पहारा?"

"का? लपवण्यासारखं काही आहे?"

धाकटीने मान वर केली आणि पुन्हा खाली घातली.

शेवटी वहिनीला राहवेना. "रंधा तू घेतलंस का? सरळ सांग. नाहीतर मी समजायचं ते समजेन."

 धाकटीने चार्जरची वायर गुंडाळली. फळीवरचा आपला कप उचलला, खुर्चीतली पाठीची उशी काखेत मारली आणि निघून गेली.

"पाहिलंस?" वहिनी नवऱ्याला म्हणाली. "चकार शब्द नाही! निर्दोष असती तर बोलली नसती का?"

"बरणी फुटली तेव्हाही बोलली नव्हती."

"तुला बहिणीचाच पुळका."

"मला तुझाही आहे. पण ती परत आली नाही, तर ही कंपनी म्हणजे तू आणि इस्त्री."

वहिनीने ऐकलं नाही. तिला नवीनच शंका आली होती. धाकटी जाता जाता कंपनीचा स्वतःचा पत्ताही घेऊन गेली तर? दुसऱ्या दिवशी तिने सहायकाला मध्ये न घेता थेट साधनालाच आपल्या कंपनीचं नाव विचारलं.

'मोकळं आहे.'

धाकटीला जाब विचारायला तिने मोबाइल उचलला. पण मग तिच्या लक्षात आलं, की चोरलेलं असतं तर 'घेतलेलं' आलं असतं. मोकळं कसं? तिने एका भल्या मोठ्या बँकेचं नाव घातलं. मोकळं. रेल्वेचं घातलं. मोकळं!

"अरे, जगात कोणी काही घेतलेलंच नाही!"

"असेल," कोपऱ्यातून नवरा म्हणाला. "मी इस्त्रीसाठी तो लुकलुकणारा डबा काढलाय हं. शर्ट झाला की लावतो."

तो डबा इंटरनेटचा; म्हणजे इंटरनेटच बंद होतं. नोंदणी दफ्तरापर्यंत प्रश्न पोचला नव्हता, आणि तरी खिडकी खुशाल उत्तरं देत होती.

तिने प्रोग्राम उघडला आणि आपणच लिहिलेली ओळ मोठ्याने वाचली. "नोंद सापडली तर 'घेतलेलं', नाहीतर 'मोकळं'."

दफ्तराने 'नोंद नाही' म्हणून सांगितलं काय आणि काहीच सांगितलं नाही काय, दोन्ही त्या एका 'नाहीतर'मध्ये कोंबलेलं होतं. शिवाय सुतार आला त्या आठवड्यात, खात्री करायची म्हणून, तिने दफ्तराला तेच तेच प्रश्न इतके विचारले होते, की कंटाळून त्याने तिला उत्तरं देणंच बंद केलं होतं.

"नाहीतर," नवरा शर्टाची कॉलर दाबत म्हणाला. "हा शब्द कालच या खोलीत ऐकल्यासारखा वाटतो."

 डबा पुन्हा लावल्यावर तिने 'रंधा'ची नोंद काढली. कुठल्या तरी लांबच्या माणसाने ते नाव कैक वर्षांपूर्वीच घेतलेलं होतं. चोर आधीच ठरवून ठेवल्यामुळे ती तारीख पाहण्याची तसदी तिने घेतली नव्हती. तिने, जिने दोनदा कुलूप ओढल्याशिवाय जिना सोडला नाही!

साधनात तिने तिसरं उत्तर घातलं, 'उत्तर आलं नाही. थोड्या वेळाने पुन्हा विचारा', आणि आधी सुताराकडे गेली. त्याने सगळं ऐकून घेतलं, कोरलेल्या अक्षरांवरून अंगठा फिरवला आणि म्हणाला, "म्हणजे चोर नव्हताच? आणि मी तुमच्या नणंदबाईंना मनातल्या मनात किती शिव्या घातल्या! असू दे. फळीवर हातभर जागा आहे, पुढे एक शब्द वाढवीन. या वेळी विचारून, मग कोरून."

धाकटीच्या दारात मात्र तिचे पाय अडखळले. कप खिडकीच्या कट्ट्यावर होता.

"चुकले मी," वहिनी म्हणाली. "उत्तर आलं नाही म्हणजे आपल्याला हवं ते उत्तर आलं, असं नसतं. यंत्राला मी हे शिकवलंच नव्हतं."

"यंत्रालाच?"

वहिनीने मान खाली घातली. मग मोबाइलवर तिसरं उत्तर उघडून तिच्यापुढे धरलं. धाकटीने ते वाचलं, पुन्हा वाचलं, आणि चहा टाकला. दोन कपांचा.

दुसऱ्या दिवशी ती कामावर आली. कप आणला होता. उशी आणली नव्हती. दुपारी तिचा फोन वाजला, तशी ती उठून गॅलरीकडे निघाली.

"कोणाचा गं?" वहिनीच्या तोंडून निघून गेलंच.

धाकटी दारात थांबली. "उत्तर आलं नाही," ती म्हणाली. "थोड्या वेळाने पुन्हा विचारा." आणि तिने दार ओढून घेतलं.

वहिनी आपल्या टेबलाकडे वळली. खिडकीच्या काचेत गॅलरीचं दार दिसत होतं. तिने उठून पडदा ओढला. मग बोटभर मागे सरकवला.