तो ब्रह्मचारी नव्हता

त्याच्या दशक्रियेला वाचायचा मजकूर मीच लिहिला होता. त्याचा धाकटा भाऊ म्हणाला, "सर, तुमी लिवा. तुमचं अक्षर बी चांगलं, भाषा बी." आमच्याकडे दशक्रियेला घाटावर स्पीकर लागतो. प्रवचन झालं की आधी मृताचा जीवनपट वाचतात, मग पुढारी यादीप्रमाणे उठून दोन शब्द बोलतात. जिवंतपणी ज्याचा फोन उचलला नाही, त्याला तिथे 'आमचा खंदा कार्यकर्ता' म्हणतात.

मी त्यांचा भाडेकरू. लातूरहून शाळेच्या नोकरीसाठी मुळशीत आलो आणि कोळवणच्या खोऱ्यातल्या त्यांच्या घराच्या मागच्या दोन खोल्यांत बारा वर्षं राहिलो. तो ग्रामपंचायतीतून परस्पर माझ्याकडे यायचा. त्याची आई मागच्या दाराने दोन ताटं द्यायची. तिने कधी काही विचारलं नाही.

तो लपला नाही. लपलो मी.

त्याच्या पहिल्या निवडणुकीतली देवळासमोरची सभा मला शब्दन् शब्द आठवते. समोरच्या पॅनेलचा एक जण ओरडला, "वय निघून चाललं गड्या! लगीन का करंना, काय खोट हाय ती तरी सांग!"

त्याने माइक हातात घेतला. "खोट न्हाई. मला बाप्ये आवडत्यात. म्हनून लगीन करनार न्हाई, कुनाच्या लेकीचं वाटुळं करनार न्हाई. झालं समाधान? आता नदीच्या वाटंचं बोलू."

मागून कोणीतरी म्हणालं, "मग आमी जपून ऱ्हायचं का काय?"

"तू न्हाई रं. तुला बघून तुझी म्हस बी तोंड फिरवती."

हशा पिकला. सगळ्यात जास्त बायका हसल्या. तो निवडून आला. आमच्या तालुक्यात असं उघड सांगून निवडून आलेला दुसरा कोणी मला तरी माहीत नाही.

गुलाल अंगावर तसाच घेऊन तो खोलीत आला आणि म्हणाला, "आता तुझं बी सांगू का?"

मी नको म्हणालो. शाळा आहे, संस्थाचालक आहेत, गावाकडे वडील आहेत. त्याने मान हलवली. पुन्हा कधी विचारलं नाही.

नदीची वाट म्हणजे घाटाकडे जाणारी जुनी पायवाट. शहरातल्या एका फार्महाउसवाल्याने ती भिंत घालून बंद केली होती. तिरडी घेऊन लोकांना भाताच्या खाचरांतून, चिखलातून जावं लागे. त्याने पौडच्या तहसील कचेरीत दोन वर्षं खेटे घातले. सरपंच त्याला सांगत, "सोड नाद. अशानं जमिनीला गिऱ्हाईक यायचं न्हाई." शेवटी भिंत पडली. त्या वाटेने पहिल्यांदा गाडी गेली ती मुरुमाची. मग छातीत कळ येऊन तो गेला आणि त्यालाही त्याच वाटेने नेलं. दहाव्याला सगळं गाव त्याच वाटेने, पाय चिखलात न भरता घाटावर आलं.

मजकूर वाचायला सरपंच उठले.

मी लिहिलं होतं, "भर सभेत त्याने सांगितलं की आपल्याला पुरुष आवडतात, आणि ते ऐकून गावाने त्याला मत दिलं." सरपंचांनी वाचलं, "आजन्म ब्रह्मचारी राहून, संसाराचा मोह सोडून त्यांनी गावाची सेवा केली." पुढची वाक्यं माझीच होती. फक्त नदीची वाट आता 'सर्वांच्या सहकार्याने' खुली झाली होती.

मला आयुष्यात इतका राग कधी आला नव्हता. ज्याला तोंडावर हिणवलं, त्याला मेल्यावर धुऊन पुसून घेत होते. मी उठलो.

"सर, यादीत न्हाई तुमचं नाव," सूत्रसंचालक माइक पाठीमागे धरत म्हणाला.

"माहीत आहे."

वर्गात शेवटच्या बाकापर्यंत पोचावा म्हणून काढतो तसा आवाज काढला. "तो ब्रह्मचारी नव्हता. त्याने तुम्हाला सांगितलं होतं, तुम्ही ऐकलं होतं. बारा वर्षं मी त्याच्याबरोबर राहिलो. भाडेकरू म्हणून नाही."

भाऊ धावत आला. त्याने माझा दंड धरला. "खाली बसा सर. आई हाय हितं!"

बायकांच्या घोळक्यातून त्याची आई म्हणाली, "आईचं नाव कशाला घेतुयास? ताटं मीच देत व्हते न्हवं?"

सरपंच मोबाइलमध्ये बघू लागले. मग यादीतलं पुढचं नाव पुकारलं गेलं आणि तो पुढारीही ब्रह्मचर्यावरच बोलला.

भावाने मला महिनाअखेर खोल्या मोकळ्या करायला सांगितलंय. माझा राग त्याच्यावर आहे, सरपंचांवर आहे, पण त्यांनी एकच ओळ खोडली. मी बारा वर्षं खोडत आलो. त्यांना द्यायच्या मजकुरातसुद्धा मी माझ्याबद्दल एक अक्षर लिहिलं नव्हतं.

घाटावरून निघताना सरपंचांकडून तो कागद मागून घेतला. त्यांनी घडी करून दिला. खोडलेली ओळ मी वर पुन्हा लिहिली आहे. तिच्याखाली आणखी एक लिहिली, माझ्याबद्दलची; गुलालाच्या दिवशी त्याने 'सांगू का' म्हणून विचारलं होतं ती. शाळेच्या फळ्यावर लिहितो तशा मोठ्या अक्षरात.