आधी फोन, मग नाव

ज्याचं नाव उद्या जगजाहीर करायचं, त्याला सुनंदाकाकू आज स्वतः फोन करून सांगायच्या. पुरात शेतीचं नुकसान झालं म्हणून अमेरिकन सरकारने कुणाला किती मदत दिली, हे कुणालाही पाहता येईल अशा वेबसाइटवर मांडणाऱ्या एका छोट्या संस्थेत त्या काम करत. मूळच्या नागपूरच्या, पन्नाशी उलटलेल्या आणि तरी अजून व्हिसावरच. वेस्ट विंडसरला आमच्या शेजारी राहायच्या. फोनवर लोक शिव्या घालायचे. काकू ऐकून घ्यायच्या आणि मला म्हणायच्या, "पाठीमागून नाव लावलं तर ती चुगली होते. तोंडावर सांगावं."

नावं शोधायचं हे वेड त्यांना वॉल्टरमुळे लागलं. पेनसिल्व्हेनियात स्टेट कॉलेज नावाच्या गावापलीकडे या म्हाताऱ्याची सफरचंदाची बाग होती. पुरात निम्मी झाडं गेली, मदतीचा अर्ज मात्र नामंजूर झाला. मग ती मिळाली कुणाला, एवढंच त्याने फोन करून विचारलं होतं. काकूंनी शोधून सांगितलं. त्यामुळे त्याच्या पदरात काही पडलं नाही, पण तेव्हापासून तो दर हंगामाला फोन करू लागला. "त्याला दुसरं काही देता नाही येत," काकू म्हणायच्या, "निदान उत्तर तरी द्यावं."

एका वर्षी त्या उत्तरात आमच्या मराठी मंडळाचे डॉक्टरच निघाले. माणूस दिलदार, गणपतीला सढळ हाताने देणारा. पेनसिल्व्हेनियात त्यांनी तीन कंपन्यांच्या नावे जमीन घेतली होती आणि तिन्ही कंपन्यांना पूरमदत मिळाली होती. काकूंनी रीतीप्रमाणे फोन लावला. मी समोरच बसले होते, फोन स्पीकरवर होता.

"काकू, मी काय चोरी केली का? सगळं लीगल आहे. माझं नाव रिमूव्ह करा ना, प्लीज."

"चोरी कुठं म्हणून राहिली मी, डॉक्टर? मिळाले, एवढंच लिहून राहिली. पैसा पब्लिकचा आहे, मग नाव काहून लपवायचं?"

नाव लागलं. मंडळाच्या पॉटलकला प्रत्येकाने घरून एकेक पदार्थ आणायचा; काकूंकडे कायम मसालेभात असायचा. पुढच्या पॉटलकला त्यांना पेपर प्लेट्स आणायला सांगितलं. आमच्यात कुणी कुणाला वाईट बोलत नाही, प्लेट्स आणायला सांगतात. मी तर संतापून त्या जेवणाला जाणारच नव्हते. काकू मात्र चांगल्या जाड प्लेट्स निवडून घेऊन गेल्या.

यंदा सरकारी खात्याने नावं देणंच बंद केलं. जिल्ह्याचे एकूण आकडे तेवढे मिळतील, म्हणाले. काकूंचं काम गेलं, पाठोपाठ व्हिसा. त्या नागपूरला परत निघाल्या. निरोपाचं जेवण ठरलं तेव्हा डॉक्टरांनी स्वतः फोन केला. "काकू, झालं गेलं सोडा. मसालेभात तुमच्याच हातचा हवा." आता त्यांना गोड बोलायला काहीच अडचण नव्हती.

काकू आल्या त्या प्लेट्सचे गठ्ठे घेऊनच. टेबलावर ठेवत म्हणाल्या, "माझ्याकडे हेच दिलं होतं जी. तुमचं बदललं असेल, माझं नाही बदललं." सगळे हसले आणि त्याच प्लेट्समध्ये जेवले.

जाताना त्यांनी वॉल्टरला माझा नंबर दिला. परवा त्याचा फोन आला. पुन्हा पाणी शिरलं होतं, उरलेली बागही गेली होती. मदत कुणाला मिळाली, त्याने विचारलं. माहीत नाही, मी म्हटलं. मग तो म्हणाला, "तिला विचारून सांगशील?"

मी हो म्हटलं.