नावावरची रेघ

"रेघा कुठे गेल्या?" शमुवेल सरांनी विचारलं.

त्यांनी प्रूफचं पान भिंगाखाली, अगदी नाकाशी धरलं होतं. सरांना हल्ली वाचता येत नाही म्हटलं तरी चालेल. पण पानावरच्या ग्रीक शब्दांच्या डोक्यावर रेघा नाहीत, हे त्यांना बरोबर कळलं.

मी रत्नागिरीतल्या एका छापखान्यात डीटीपी करते. म्हणजे लेखकाचा मजकूर कम्प्युटरवर घेऊन पुस्तकाची पानं लावते. शमुवेल सर इतिहासाचे निवृत्त शिक्षक, मांडवीला एकटे राहतात. सुरुवातीचे ख्रिस्ती लोक येशूबद्दल काय मानत होते, आणि त्याचा कुठला पुरावा आज शिल्लक आहे, यावर त्यांनी पुस्तक लिहिलं होतं. नाताळच्या आधी ते यायला हवं होतं.

"फॉन्ट बदलला, त्यात गेल्या सर," मी म्हटलं. एका फॉन्टमधला मजकूर दुसऱ्यात नेला की असं होतं. अक्षरं येतात, त्यांच्या वरखालच्या खुणा वाटेत गळतात.

प्रेसवर येऊन नंदूशेठना सांगितलं. ते आमचे मालक. कॅलेंडरांची कामं अंगावर होती, त्यामुळे ते आधीच वैतागलेले.

"अगो, रत्नागिरीत ग्रीक वाचणारा कोण आहे? रेघ गेली तर गेली."

"सर सही करणार नाहीत."

शेवटच्या प्रूफवर लेखक 'छापण्यास हरकत नाही' असं लिहून सही करतो. त्याला आम्ही प्रिंट ऑर्डर म्हणतो. तिच्याशिवाय मशीन सुरू करायचं नाही, अशी पद्धत. पद्धत म्हणजे, बहुतेक वेळा.

दुसऱ्या दिवशी दुपारी लॅपटॉप घेऊन सरांकडे गेले. त्यांनी मला एका जुन्या पानाचा फोटो उघडायला लावला. इजिप्तच्या कोरड्या वाळूत मिळालेलं, लव्हाळ्याच्या कागदावरचं, म्हणजे पपायरसवरचं पान. शुभवर्तमानाच्या, म्हणजे येशूच्या चरित्राच्या, अगदी जुन्या प्रतींपैकी एक. कडा कुरतडल्यासारख्या, मध्ये भोकं, रंग वाळलेल्या फणसाच्या पानाचा. आपल्या हवेत ते एक पावसाळासुद्धा टिकलं नसतं.

"मोठं कर," सर म्हणाले. "अजून. दोनच अक्षरं आणि वर रेघ, असं काही दिसतं?"

दिसलं. एकदा दिसल्यावर सगळीकडे दिसायला लागलं.

"तो येशू आहे. नावाचं पहिलं आणि शेवटचं अक्षर. देव हा शब्दही तसाच, प्रभूही तसाच, ख्रिस्तही. बाकीचे शब्द पूर्ण लिहिलेले."

"जागा वाचवायला?"

"मलाही पूर्वी तसंच वाटायचं. पण समास बघ केवढा सोडलाय. जागेची चणचण नव्हती."

"मग आपण पत्राच्या डोक्यावर श्री घालतो तसं?"

सर हसले. "जवळपास. कुणी ठरवलं, कधी ठरवलं, माहीत नाही. पण देवाला जी खूण, तीच येशूला. इतक्या जुन्या काळी."

"म्हणजे ते त्याला देव मानत होते, हे सिद्धच झालं की."

"नाही, बाय," सर म्हणाले. "काही प्रतींत माणूस या शब्दावरही ती रेघ आहे. यरुशलेम शहराच्या नावावर आहे. आदर होता, एवढं दिसतं. लिहिणाऱ्याच्या मनात पूर्ण काय होतं, ते कागद सांगत नाही."

पुढचे काही दिवस मी रेघाच मारत होते. त्या फॉन्टमध्ये खूणच नव्हती, म्हणून अशा प्रत्येक शब्दावर वेगळी रेघ काढायची, त्या शब्दाला बांधून ठेवायची, पुन्हा तपासायची. दुपारी प्रेसमध्ये मशीनचा एकसुरी आवाज चालू असतो. फोटो स्क्रीनवर मोठा केला की रेघेची सुरुवात जाड दिसायची, शेवट फिका. शाई संपत आलेली असणार. मग ते पान लिहिणारा माणूस बोरू दौतीत बुडवायचा आणि पुढची रेघ पुन्हा काळीभोर. मी माउस धरून त्याच्या मागोमाग चालले होते. त्याची खोली कशी असेल, बाहेर कुणी भांडी घासत असेल का, असलं काहीतरी मनात यायचं. कुणी हाक मारली तर क्षणभर कळायचं नाही की मी कुठे आहे.

अशाच एका दुपारी नंदूशेठ फोन घेऊन आले. सरांचा भाचा, अमोल. मुंबईला असतो. पुस्तकाची सगळी व्यवस्था तोच बघत होता.

"सातव्या प्रकरणाचं नाव बदलायचंय," तो म्हणाला. "'रेघ काय सांगते?' हे काढा. 'लेखी पुरावा: येशू देवच' असं करा. आणि शेवटी 'कागद सांगत नाही' असं मामाने लिहिलंय, तिथे 'कागदाने सिद्ध केले आहे' असं घाला."

"सरांना विचारलंत?"

"त्याला दिसत नाही. उगाच त्रास नको."

नंदूशेठ मला डोळ्यांनी खुणावत होते, हो म्हण. मी म्हटलं, "बदल करते. पण प्रिंट ऑर्डरच्या आधी सगळं पुस्तक सरांना वाचून दाखवणार."

पलीकडून फोन बंद झाला. नंदूशेठ म्हणाले, "तुला काय पडलंय गो?" मी पुन्हा स्क्रीनकडे वळले.

मी बदल केला, प्रूफ काढलं आणि लॅपटॉप घेऊन मांडवीला गेले. सर खिडकीपाशी डोळे मिटून बसले होते. बाहेर ओहोटी लागलेली, पाणी पार लांब गेलेलं. मी वाचत गेले. सातव्या प्रकरणाचं नाव वाचलं आणि थांबले.

"हे माझं नाही," सर म्हणाले.

मी काय झालं ते सांगितलं. त्यांनी अमोलला फोन लावायला सांगितला आणि स्पीकरवर ठेवायला लावला.

"का केलंस?"

अमोल म्हणाला, "आईला डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलंय. आता औषध नाही म्हणाले. मला वाटलं, तिच्या हातात असं पुस्तक असावं, ज्यात स्पष्ट लिहिलेलं असेल. की हे सगळं खरं आहे म्हणून."

सरांचा चेहरा उतरला. अमोलची आई रूथबाई म्हणजे त्यांची एकुलती बहीण. आजार त्यांना ठाऊक होता, एवढा वाढलाय हे ठाऊक नव्हतं.

"तिला दे."

रूथबाईंचा आवाज बारीक, पण ठसठशीत होता. "सगळं ऐकलं मी. शमू, तुझा विश्वास आहे ना?"

"आहे."

"माझाही आहे. मग पुरावा मागितला कुणी? भीती याला वाटतेय, मला नाही. तुला जेवढं दिसलं तेवढंच लिही. जास्त लिहिलंस तर उद्या कुणीतरी खोडून काढेल, आणि लोकांना वाटेल आपलं सगळंच खोटं." जरा दम घेऊन म्हणाल्या, "आणि इकडे ये. पुस्तक मागाहून येऊ दे."

अमोल हळूच म्हणाला, "बरं मामा. तुझंच ठेव."

फोन ठेवल्यावर मी प्रकरणाचं जुनं नाव आणि जुनं वाक्य परत घातलं. सर म्हणाले, "शेवटी दोन वाक्यं घाल." मी टाइप केली. 'कागद इथपर्यंत सांगतो. इथून पुढे मी बोलतो आहे.' त्याखाली त्यांनी स्वतःची श्रद्धा एका परिच्छेदात सांगितली. कुठेही न अडखळता.

संध्याकाळी नवं प्रूफ आणून बदललेला मजकूर वाचून दाखवला आणि प्रिंट ऑर्डरवर सही कुठे करायची ते मी त्यांचा हात धरून दाखवलं. दुसऱ्याच दिवशी ते मुंबईला गेले.

पुस्तक नाताळच्या आधी आलं. पहिली प्रत मुंबईला पाठवली. रूथबाईंना ती बघायला मिळाली. अमोलने त्यांना सातवं प्रकरण वाचून दाखवलं आणि शेवटच्या परिच्छेदाशी तो थांबला, तेव्हा सरांकडून आधीच ऐकलेलं ते पुढचं त्यांनी तोंडपाठ असल्यासारखं स्वतः म्हटलं, असं सरांनी मला सांगितलं. नवीन वर्ष लागल्यावर त्या गेल्या.

या कामातून मी एवढंच शिकले की बदल कुणीही सांगो, तो लेखकाच्या कानावर घातल्याशिवाय फाइल पुढे सोडायची नाही. आमच्या प्रेसमध्ये आता तो नियमच आहे. नंदूशेठ नव्या गिऱ्हाइकांना तो मोठ्या अभिमानाने सांगतात, स्वतःचा म्हणून.