इग्नेशियसची जांभई

आमच्या वटार गावात डॉक्टर मोजके, पण निदान करणारे घरटी दोन.

इग्नेशियसच्या मेंदूत गेल्या वर्षी रक्ताची गुठळी झाली. तीस वर्षं केळीचे घड उतरवणारा उजवा हात लुळा पडला, उजवा पाय फरफटू लागला, बोलणं दोन-तीन शब्दांवर आलं. चंदनसारहून रीमा नावाची फिजिओथेरपिस्ट येऊन व्यायाम करून घ्यायची. हात पुन्हा कामाला लागेल, या एकाच आशेवर तो जगत होता.

एका रविवारी चर्चमध्ये मिस्सेच्या प्रार्थनेत प्रवचन लांबलं. इग्नेशियसने जांभई दिली आणि मांडीवरचा लुळा हात आपोआप उठून छातीपर्यंत गेला. जांभई संपली, हात खाली पडला. झालं. चर्चच्या दारात येईपर्यंत गावाने निकाल दिला होता : नाटक. चुलतभाऊ पीटर म्हणाला, बायकोला वाडीत राबवायचं आणि आपण खुर्चीत बसायचं, दुसरं काय. हा पीटर स्वतः जेवल्यावर चारपर्यंत घोरतो. इग्नेशियसचा मुलगा ॲल्रॉय पदवीधर, पण अक्कल काकाची वापरतो. त्याने रीमाला यायचं बंद करा म्हणून कळवलं. इग्नेशियसच्या बायकोने, आग्नेसने, त्याला शर्ट घालून देणं सोडलं.

रीमा शेवटचं म्हणून आली, तेव्हा आम्ही सगळे तमाशा बघायला हजर. तिने हात उचलायला सांगितलं. इग्नेशियसच्या कपाळावर घाम आला, बोटसुद्धा हललं नाही. मग तिने गुडघ्याखाली छोटी हातोडी मारली. चांगला पाय जरासा हलला, लुळा ताडकन उडाला. पाय तर ठणठणीत आहे, असं पीटर लगेच म्हणाला.

"उलट आहे, अंकल," रीमा म्हणाली. "ठरवून हात हलवायचा मेंदूतला रस्ता तुटलाय. जांभईचा रस्ता वेगळा, तो शाबूत आहे. आणि पायाला वरून आवरणारं कुणी उरलं नाही, म्हणून तो इतका उडतो. हे नाटक करून जमत नाही."

पीटरला एकाएकी वाडीतलं काम आठवलं. आग्नेसने शर्ट आणला आणि मान खाली घालून नवऱ्याच्या हातावर बाही चढवली. व्यायाम पुन्हा सुरू झाले.

पीटरला नावं ठेवणं सोपं आहे. पण त्या रविवारी इग्नेशियसच्या मागच्या बाकावर मी होतो, आणि 'नाटक' हा शब्द पहिल्यांदा माझ्याच तोंडून निघाला. अजूनही मी त्याच बाकावर बसतो. जांभई आली की इग्नेशियस डाव्या हाताने उजवा घट्ट दाबून धरतो, आणि मागे वळून बघतो.