कमानीवरचं नाव

कॉलेजने त्या मुलीला फसवलं, आणि माझा शब्द वापरून फसवलं.

मी गुरांच्या बाजारात दलाली करत वर आलो. तिथे रुमालाखाली हात धरून बोटांनी भाव ठरतो. एकदा हात दिला की सौदा पक्का, कागद कुणी मागत नाही. आता नंदुरबारला माझा मिरचीचा धंदा आहे, पण सवय तीच.

प्राचार्य देणगी मागायला आले तेव्हा मी एकच अट घातली. पैसा इमारतीला नको. उन्हाळ्याच्या सुट्टीत तुमचे विद्यार्थी पथारींवर, मिरची वाळत घालतात त्या मैदानांवर, पाठवा. देठ खुडणाऱ्या बायकांना मजुरी पुरी मिळते का, सावली-पाणी आहे का, ते त्यांनी बघावं, भांडावं. आणि त्यांना मानधन द्या, कारण गरिबाच्या पोरांना फुकटची समाजसेवा परवडत नाही. "उत्तम कल्पना," ते म्हणाले. मी हात पुढे केला, त्यांनी धरला. माझ्या लेखी सौदा झाला, मी पैसे देऊन टाकले.

आमच्या कोरीट गावची एक मुलगी त्याच कॉलेजात होती. दर सुट्टीत कापडाच्या दुकानात काम करून ती पुढच्या वर्षाची फी जमवायची. कॉलेज मानधन देईल या माझ्या शब्दावर तिने दुकान सोडलं. पहिलं भांडण माझ्याच पथारीवर माझ्याशी केलं.

"दादा, बायास्ले सावली कोठे शे?"

मी खूप तडकलो. मग ताडपत्री बांधून दिली. सुट्टीभर ती पथारी-पथारीवर फिरली.

कॉलेज उघडलं, मानधन आलं नाही. मी विचारायला गेलो, तर दारात नवी कमान, तिच्यावर माझंच नाव.

"शेठ, आपलं नुसतं बोलणं झालं होतं," प्राचार्य म्हणाले. "लेखी काही नाही. समितीने त्या पैशातून कमान ठरवली. हे कॉलेज आहे, बैलबाजार नाही."

"बैलबाजारात तुम्हाला उद्यापासून कुणी रुमालाखाली हात घालू दिला नसता, साहेब."

फी भरली नाही म्हणून तिचं शेवटचं वर्ष अडलं आहे. मी पैसे पुढे केले. तिने घेतले नाहीत.

"ती मन्ही मजुरी शे दादा, दान नही. कॉलेजनंच पैसा देवाले पाहिजे."

तिचं बरोबर आहे. ते नाव मला नको, उद्या चुना फासला तरी चालेल. पण प्राचार्यांनी एकदा पथारीवर यावं आणि त्या बायकांसमोर उभं राहून त्या मुलीला सांगावं, तिच्या उन्हाळ्याच्या मजुरीची कमान कुणी बांधली आणि का.