रेतीवरचे सहा दगड

हे लिहायचं की नाही, यात दोन महिने गेले. या सदरातले अनुभव मी आधी फक्त हसण्यासाठी वाचायचे. हॉस्टेलवर आम्ही मैत्रिणी ते मोठ्याने वाचायचो आणि प्रत्येक गोष्टीचं कारण शोधून काढायचो. वारा असेल, घूस असेल, ताप असेल... कारण सापडलं नाही असं कधी झालं नव्हतं.

आधीच सांगते, माझ्या अनुभवात कुणी दिसलं नाही, कसला आवाजही आला नाही. सहा दगड आपल्या जागेवरून हलले, एवढंच. मी ते मोजून परत जागेवर ठेवले. त्यानंतर देविदासभाऊ गेले. त्यांच्या बायकोला, यमुनावहिनींना, हे आमच्यापैकी कुणीच सांगितलं नव्हतं. सांगायला हवं होतं ते मीच.

मी मूळची राजूरची. आई-बाबा दोघंही चुन्याच्या भट्टीवर कामाला. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच, यवतमाळला बी.एस्सी. करते. ॲडमिशन झाली तेव्हा आजीने गळ्यात काळा दोरा बांधला होता. एसटीत बसल्यावर मी तो काढून पर्समध्ये ठेवला. हे सांगते कारण मी अशी होते. जे मोजता येतं तेच खरं, असं मी वहीच्या पहिल्या पानावर लिहूनही ठेवलं होतं. आता ते वाचायला लाज वाटते.

यवतमाळला आमचा एक छोटा गट आहे. बाभुळगाव तालुक्यात वर्धा नदीला उन्हाळ्यात मधोमध रेतीचं एक लांब बेट उघडं पडतं. ते कुणाच्या मालकीचं नाही, तिथे शेती नाही, बाभळीसुद्धा नाहीत. नुसती रेती आणि मध्ये मध्ये झाऊची झुडपं. मार्च ते मे या दिवसांत नदी सुरय नावाचे पक्षी तिथे अंडी घालतात. पिवळी चोच, काळी टोपी. घरटं म्हणजे रेतीत बोटभर खोल खळगा, बस. अंड्यांचा रंग रेतीचाच, त्यामुळे पाय पडेपर्यंत अंडी दिसत नाहीत. कुत्री, कोल्हे, गुरं, पार्टीला येणारी पोरं यांच्यापासून ती अंडी सांभाळायची, हे आमचं काम. आठवडाभराची ड्युटी असते. त्या आठवड्यात वैद्य काकू आणि मी होतो. काकू सरकारी कचेरीतून निवृत्त झालेल्या, गट त्यांनीच सुरू केला. शिस्त कडक. आमच्यासोबत गावातले देविदासभाऊ. ते भोई. आधी उन्हाळ्यात नदीच्या रेतीत डांगरवाडी, म्हणजे टरबूज-खरबुजांचे वेल, लावायचे, आता मासे धरतात. आमचं राहणं-जेवण त्यांच्याच घरी असायचं.

तिथे काम करायची एक पद्धत आहे, ती सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. उथळ पाण्यातून बेटावर चढलं की टेहळणीसाठी उभारलेल्या बांबूच्या तट्ट्यापर्यंत साधारण दीडशे पावलांची एकच वाट. वाटेच्या उजव्या कडेने दर दहा पावलांवर एक दगड, पांढरा चुना मारलेला. चुना मीच राजूरहून आणला होता. दगडांना धरून चालायचं, आणि पुढच्याचा पाय जिथे पडला तिथेच मागच्याने पाय ठेवायचा. म्हणजे कुठलं घरटं तुडवलं जात नाही. संध्याकाळी परतताना उलट्या पावलांनी मागे सरकत शिंदीच्या फांदीने सगळी रेती झाडत यायचं. सकाळी त्या कोऱ्या रेतीवर रात्री कोण येऊन गेलं ते स्पष्ट उमटलेलं असतं. कोल्हा, मुंगूस, घोरपड. काकू दररोज ते वाचून वहीत लिहायला लावायच्या.

प्रत्येक दगडाची जागा मी टेपने मोजून वहीत लिहिली होती. मी मोजत असताना देविदासभाऊ बिडी ओढत बसले होते. म्हणाले, "काय वो टेलर, नदीचा झंपर शिवतं का?"

तेव्हापासून मला ते टेलरच म्हणायचे. घरात जेवायला बसलं की वहिनींना सांगायचे, टेलरले वाढ, माप घेऊन घेऊन थकली ते.

त्या आठवड्यातल्या मंगळवारी सकाळी आम्ही बेटावर चढलो आणि भाऊ थांबले. वाट वाकडी झाली होती. मधले सहा दगड डावीकडे सरकले होते. एक-दोन फूट नाही, सात-आठ पावलं. एखाद्या गोष्टीला वळसा घालून जावं तशी कमान झाली होती. सगळे दगड दोन हातांनी उचलावे लागतील इतके मोठे.

मी रेतीकडे पाहिलं. एक टिटवी चालून गेल्याची नक्षी होती आणि एका घोरपडीची शेपूट ओढल्याची रेघ. माणसाचं पाऊल नव्हतंच, पण त्याहून विचित्र वेगळंच होतं. शिंदीच्या फांदीने झाडलं की रेतीवर बारीक रेघा उठतात, कंगवा फिरवल्यासारख्या. दगड आला की त्या रेघा त्याला वळसा घेतात, कारण आपण फांदी दगडाच्या बाजूने फिरवतो. जिथे आदल्या दिवशी दगड होते, तिथे रेघा सरळ होत्या. ना दगडाचा खळगा, ना वळसा. आणि नव्या जागी मात्र प्रत्येक दगडाला रेघांनी वळसा घातलेला. म्हणजे आम्ही संध्याकाळी झाडलं तेव्हा दगड तिथेच होते, असं रेती सांगत होती. आणि झाडलं होतं मी आणि भाऊंनी.

काकूंनी चष्मा पुसला आणि म्हणाल्या, "सुषमा, काल तूच कुठेतरी चुकली आहेस."

रागावून नाही म्हणाल्या. पण माझं तोंड उतरलं. माझ्यासारख्या मुलीला 'तू चुकलीस' हे वाक्य कसं लागतं ते सांगता येत नाही... आपण इथे बसायच्या लायकीचेच नव्हतो, हे आता सगळ्यांना कळलं, असं वाटतं. मी वही काढली, टेप काढला. शिवाय नव्या वळणाची वाट एका घरट्याला अगदी चिकटून जात होती. तीन अंडी, मादी बसलेली. आम्ही चढलो तशी ती उडून डोक्यावर ओरडायला लागली. एप्रिलचं ऊन, अंडी उघडी पडली की दहा-पंधरा मिनिटांत भाजतात. दगड परत ठेवणं भागच होतं.

भाऊ जवळ आले. काकूंना ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणाले, "राहू दे ना टेलर. कोनं ठेवले असतीन तं काई पाहूनच ठेवले असतीन."

मी विचारलं, कोणी ठेवले? पाऊल कुठे आहे? त्यांनी दगड उचलायला मला मदत केली. एकेक दगड वहीतल्या मापावर ठेवला. त्या रेतीवर आम्ही दोघं उभे राहिलो, बसलो, उठलो. घट्ट होती. काहीच वेगळं नव्हतं.

बुधवारी सकाळी तेच सहा दगड, त्याच वळणावर. आणि रेघांची तीच गंमत.

आता काकूंनी मला दोष दिला नाही. गावातली पोरं करत असतील म्हणाल्या, पण आवाजात दम नव्हता. मी मोबाईलवर फोटो काढले. भाऊंनी या वेळी माझ्या हातातला दगड धरून ठेवला. मी ओढला, त्यांनी सोडला नाही. क्षणभर दोघांचे हात त्या दगडावर.

"भाऊ, तिकडे अंडी आहेत," मी म्हणाले.

"दिसून राह्यले मले."

"मग?"

त्यांनी दगड सोडला.

त्या दिवशी मी दगड नुसते ठेवले नाहीत. प्रत्येकाखाली खड्डा करून अर्धा-अर्धा पुरला, भोवती रेती दाबून बसवली. आता उचलून दाखवा, असं मनात कुणाला तरी म्हणाले. कुणाला, ते माहीत नाही.

दुपारी वरच्या धरणातून पिण्यासाठी पाणी सोडलं. दरवर्षी सोडतात. संध्याकाळपर्यंत नदी वीतभर वर आली, बेटाची कड ओली झाली, बाकी काही नाही. आम्ही नेहमीसारखी रेती झाडली आणि परतलो.

गुरुवारी सकाळी दगड हलले नव्हते. सहाही जिथे पुरले तिथेच, ओळीत. खरं सांगते, मला खूप आनंद झाला. मी मोठ्याने म्हणाले, "पाहा भाऊ, आज हलले नाहीत."

भाऊ वाटेच्या तोंडाशी उभे होते. खांद्यावर तट्ट्याच्या दुरुस्तीचा बांबू, हातात पाण्याची कॅन. त्यांनी दगडांकडे पाहिलं, मग डावीकडे, जिथून दोन दिवस ते वळण जात होतं. मग माझ्याकडे.

"तुनंच ठेवले ना हे?"

"हो. टेपने मोजून."

"बरं," म्हणाले, आणि चालू लागले.

मी त्यांच्या पावलांत पाऊल टाकत मागे. काकूंचे गुडघे दुखत होते, त्या अजून मागे पाण्यातच होत्या. दुसऱ्या की तिसऱ्या पुरलेल्या दगडापाशी भाऊंचा पाय घोट्यापर्यंत आत गेला. ते थबकले. मग त्यांच्या भोवतालची रेती पीठ चाळणीतून जावं तशी आवाज न करता खाली गेली. ते कमरेपर्यंत आत. माझाही एक पाय गेला. त्यांनी खांद्यावरचा बांबू आडवा केला आणि माझ्या छातीवर जोराने ढकलला. मी मागे पाठीवर पडले.

"मांगं हो, मांगं हो," एवढंच ते म्हणत होते. मी बांबूचं टोक धरलं होतं, पण ओढायला पायाखाली काहीच घट्ट नव्हतं. काकू आल्या, पालथ्या पडल्या, शिंदीची फांदी पुढे केली. भाऊंनी ती धरली नाही. कदाचित धरली तर काकूही येतील म्हणून. कड पुन्हा खचली. दगड दिसेनासे झाले. मग तेही.

पुढचं मला सलग आठवत नाही. गावकऱ्यांनी दुपारी त्यांना बाहेर काढलं. म्हातारी माणसं म्हणाली, पूर्वी तिथे रेती काढणाऱ्यांनी खोल खड्डा केला होता, मग पुराने तो भुसभुशीत गाळाने भरला, वर घट्ट थर बसला. खालून पाणी चढलं तसा तो फुटला. हे कारण मला पटतं. खड्डा नेमका त्या सहा दगडांच्या सरळ ओळीखाली होता. वळणावरची रेती आजही भक्कम आहे.

पण दगडांचं काय? मी कॉलेजातल्या सरांना फोटो दाखवले. ते म्हणाले, आतून खचणाऱ्या रेतीबरोबर दगड सरकले असतील. मी ते हॉस्टेलवर बसून कागदावर काढून पाहिलं. खचणारी रेती दगडाला खड्ड्याकडे ओढेल, खड्ड्यापासून दूर कशी नेईल? आणि सहाच्या सहा? आणि त्या रेघा? सर म्हणाले, फोटो नीट आलेले नाहीत. तेही खरं आहे.

काकूंनी सांगितलं, हे कुणाला बोलू नकोस, तुझा दोष नाही. पोलिसांच्या कागदावर दगडांचा उल्लेखच नाही. पण मी त्या घरात जेवले होते. वहिनी मला न विचारता दुसरी भाकर टाकायच्या. चौदाव्या दिवशी मी एकटीच बाभुळगावची एसटी पकडली.

यमुनावहिनी अंगणात बसून जाळ्यातली गाठ सोडवत होत्या. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. दगड हलले होते, दोनदा. मी परत ठेवले, दोनदा. भाऊ नको म्हणत होते. दुसऱ्यांदा मी पुरून ठेवले.

त्यांनी हातातली गाठ आधी सोडवली. मग म्हणाल्या, "मले माईत आहे. त्यानं सांगतलं होतं."

आदल्या रात्री आम्ही झोपल्यावर भाऊ त्यांना म्हणाले होते, उद्या काही झालं तरी आपण वाकड्या वाटेनंच जाणार, टेलर काही म्हणो. अंड्यावरून उडी मारून जाईन म्हणून हसलेही होते.

"मंग सकाळी काय झालं?" वहिनींनी विचारलं. "तो सरय वाटेनं काहून गेला?"

मी सांगितलं. दगड त्या दिवशी हलले नव्हते. मला आनंद झाला होता. मी त्यांना 'पाहा' म्हणाले होते. त्यांनी विचारलं, तुनंच ठेवले ना. मी हो म्हणाले.

"तू हासली होती का तवा?"

"हो, वहिनी."

त्यांनी जाळं मांडीवरून खाली ठेवलं. माझ्याकडे पाहिलं नाही. "मंग नसन त्याच्यानं तुह्यं मन मोडवलं," म्हणाल्या. "त्याचं असंच होतं."

मग उठून आत गेल्या. चुलीवर तवा ठेवल्याचा आवाज आला. मी अंगणातच टेकले. त्यांनी ताट आणून माझ्यासमोर ठेवलं आणि त्या परत जाळं घेऊन बसल्या. मी जेवले. निघताना मी पाया पडले, तेव्हा त्यांनी पाय मागे घेतले नाहीत, आणि डोक्यावर हातही ठेवला नाही.

ते दगड कुणी हलवले, मला माहीत नाही. शेवटच्या सकाळी का हलवले नाहीत, तेही माहीत नाही. मी पुरून ठेवले म्हणून, की दोनदा सांगून झालं म्हणून? वाचकांपैकी कुणाला रेतीबद्दल, पाण्याबद्दल जास्त कळत असेल तर जरूर लिहा, मी प्रत्येक शक्यता तपासून पाहीन. अजूनही माझी सवय तीच आहे.

पण एवढं कुणी समजावून सांगू नका, की भाऊंना धोका कळलाच नव्हता. त्यांना कळला होता. ते मला 'बरं' म्हणाले आणि गेले.