वीस न्यूटन

हे मी गेल्या आठवड्यापर्यंत कुणाला सांगितलेलं नव्हतं — बायकोलाही नाही. चूक माझी होती, आणि ती मला त्याच क्षणी कळली होती.

मल्लेश्वरममध्ये मी भौतिकशास्त्राच्या शिकवण्या घेतो. बावीस वर्षांपूर्वीची गोष्ट. फळ्यावर साधं गणित होतं: दहा किलोचा ठोकळा, घर्षणांक अर्धा, वीस न्यूटन बलानं ढकलला तरी हलत नाही, घर्षण किती? मी सवयीनं सूत्रात आकडे घातले आणि लिहिलं — पन्नास. पण सूत्रातून येतं ते जास्तीत जास्त घर्षण. न हलणाऱ्या ठोकळ्यावर ते ढकलण्याइतकंच असतं — वीस. हे मला ठाऊक नव्हतं का? होतं.

पहिल्या बाकावरची सुनंदा हळूच म्हणाली, "सर, पन्नास असेल तर ठोकळा उलटा आपल्याच अंगावर येईल ना?"

मराठीत म्हणाली. वर्ग कन्नड-इंग्रजीत चालायचा. मराठी घरचे आम्ही दोघंच. माझी चूक बाकीच्यांना कळू नये म्हणून तिनं आमची भाषा निवडली — आणि मी काय केलं? तेच वाक्य मोठ्यानं कन्नडमध्ये सांगितलं. "अक्कांचा ठोकळा ढकलला की उलटा पळतो! या अक्का, उद्यापासून तुम्हीच शिकवा." सगळा वर्ग हसला.

"सरी, सर," ती म्हणाली — 'बरं, सर', पण आता कन्नडमध्ये. वहीतला वीस खोडून पन्नास लिहिला. मी बघत होतो — आणि पुढचं गणित फळ्यावर घेतलं.

त्याच संध्याकाळी दुसऱ्या तुकडीला मी वीस शिकवलं. एवढंच नाही, तिचं वाक्यही वापरलं. 'सरांचा उलटा ठोकळा' म्हणून तो विनोद आज माझ्या नावावर आहे. दर वर्षी मुलं हसतात. तिनं मात्र महिन्याभरात शिकवणी सोडली.

गेल्या आठवड्यात ती मुलीला घेऊन आली. वर्ग भरलेला होता. "हिच्याकडं स्वल्प जास्त लक्ष द्या, सर. मी तर यात ढच होते — आठवत असेल तुम्हाला," हसत म्हणाली.

ढ! इतकी वर्षं ती हेच समजत आली होती. कुणामुळे?

मी फळ्यावर ठोकळा काढला, दोन्ही बाजूंना बाण काढले, दोन्हींवर वीस लिहिलं. आधी कन्नडमध्ये, मागच्या बाकालाही ऐकू जाईल असं, आणि मग मराठीत म्हणालो, "सुनंदा, तू बरोबर होतीस. मला तेव्हाच कळलं होतं. माझं चुकलं."